मेळाव्याआधीचे नकार

“मागं जायचं कशाला पण?” मगदूम मावशींनी विचारलं आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्यांच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एका मुलाचा फोटो, खाली त्याचं शिक्षण, नोकरी, उंची, गाव आणि सगळ्यात शेवटी दोन बटणं: ‘हो’ आणि ‘नाही’. मी एवढंच म्हटलं होतं, की पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘मागे’ अशी एक लिंक टाकू, म्हणजे उत्तर न देताही माणसाला पहिल्या पानावर परत जाता येईल.

“लागतंय ते, मावशी. सगळ्या साइटवर असतंय.”

“सगळ्या साइटवर लोक पोरी बघायला येत्यात का?”



मगदूम मावशी जयसिंगपुरात वधूवर केंद्र चालवायच्या. आमच्या जैन समाजातली शिरोळपासून पार निपाणी-चिकोडीपर्यंतची निम्मी लग्नं त्यांच्या पुढच्या खोलीत जमलेली. पूर्वी त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, आणि टाका घातला की तो उसवायचा नाही ही शिस्त त्यांनी लग्नाच्या कामातही आणली होती. त्यांची पद्धत साधी होती. एका वेळी एकच स्थळ. लोखंडी कपाटातून एक पाकीट काढायचं, समोरच्याच्या हातात द्यायचं. त्याला हो किंवा नाही सांगितल्याशिवाय दुसरं पाकीट बाहेर येत नसे. कुणी “विचार करून सांगतो” म्हणालं, की मावशी आतून चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, “करा विचार. मी बसलेय.”

“विचार करतो म्हणणाऱ्यांनी माझ्या किती पोरी घरात म्हाताऱ्या केल्या, तुला ठाऊक नाही, सन्मती,” त्या मला म्हणाल्या. “चार पाकिटं घरी न्यायची, उलटून पालटून बघायची, आणि पाचवं मागायचं. तोवर त्या चार घरांत कुणी दुसरीकडं बोलणं करत नाही. दारात उभं राहायचं तर आत तरी यायचं, नाहीतर निघून तरी जायचं. तुझ्या त्या लिंकवरनं लोक नुसते मागं-पुढं करत बसतील.”

मी लिंक काढून टाकली. गिऱ्हाईक म्हणजे देव म्हणतात. साइट बनवायच्या माझ्या कंपनीत मालक मी, नोकर मी आणि देव एकच होता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. साइट मावशींच्या कपाटासारखीच झाली. आपला नंबर टाकून आत गेलं, की आपल्यासाठी थांबलेलं स्थळ समोर उभं राही, आणि त्याला उत्तर दिल्याखेरीज ते हलत नसे.

त्या कपाटात एक पाकीट आमच्या घरचंही होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, पद्माअक्काचं.

अक्का तेव्हा पस्तिशीला टेकलेली. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून घर अक्कानंच ओढलेलं. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. कुणी रिपोर्ट हातात घेऊन “ताई, परत एकदा बघा की, चुकून आलं असेल” म्हणालं, की ती म्हणायची, “परत बघते, पण तेच येणार.” आवाज न चढवता म्हणायची, त्यामुळे भांडायलाही काही उरत नसे.

स्थळं येत होती. बिनकांद्याचे पोहे होत होते. काही ठिकाणी त्यांनी नको म्हटलं, काही ठिकाणी आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी. हो-नाहीची सगळी बोलणी अण्णा आणि मावशी यांच्यात चालायची. अक्काला कुणी विचारत नव्हतं असं नाही. अण्णा विचारायचे, “बरं आहे न्हवं गं?” आणि ती पदराला हात पुसत काही बोलेपर्यंत त्यांनी चपला घातलेल्या असायच्या.

साइट सुरू झाली तेव्हा अण्णांकडे बटणांचा फोन होता, म्हणून केंद्रात घरचा नंबर म्हणून अक्काचा लावला.

त्या वर्षी निपाणीचं स्थळ आलं. जिनदत्त खोत. कॉलेजात भूगोल शिकवायचे, वय अक्काच्या जोडीचं, बोलायला मोकळे. आमच्याकडे बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी त्यांनी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. अण्णांना एवढं पुरलं. ते गेल्यावर अण्णा त्या बशीकडे कौतुकानं बघत बसले होते.

दोन दिवसांत त्यांच्याकडून ‘हो’ आलं. आता आमचंच उत्तर राहिलं होतं. अण्णा म्हणाले, “लग्नाचा होकार काय बोटानं देतात? अमावस्या जाऊ दे. पेढे घेऊन मी मावशींकडं जातो.”

मी मनात निपाणीला जायची बससुद्धा बघून ठेवली होती. मला ते आवडले होते, आणि अक्का मार्गी लागली की मीही पुढचा विचार करायला मोकळा होतो. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसलं, तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

याच सुमारास मावशींचा वार्षिक मेळावा जवळ आला. सगळी मुलं-मुली, त्यांची घरची माणसं एका मंगल कार्यालयात जमायची. मावशींनी मला मेळाव्याची माहिती साइटवर टाकायला सांगितली: कार्यालय कुठलं, वेळ काय, जेवण कधी. मी ती पहिल्या पानावर टाकली. शिकल्यासवरल्या माणसानं टाकावी तशी, वरती, ठळक अक्षरात. फक्त एवढंच लक्षात आलं नाही, की ज्याच्यासाठी एखादं स्थळ थांबलेलं आहे त्याला पहिलं पान दिसतच नाही. तो आत आला की थेट स्थळापुढे. फोनवरचा बाण दाबला तर साइटच बंद पडायची आणि पुन्हा नंबर टाकून आत गेलं की पुन्हा तेच स्थळ समोर. मेळाव्याची माहिती बघायला जायची वाट ‘हो’मधून जायची, नाहीतर ‘नाही’मधून.

लोकांनी ‘नाही’ दाबलं.

पहिला फोन कुरुंदवाडहून आला. “अहो, जेवण सूर्यास्ताच्या आत आहे का एवढंच बघायचं होतं. जमत आलेलं पोरीचं मोडलं की.” दुसरा फोन एका आजोबांचा. नातवाचं स्थळ त्यांनीच मोडलं होतं. मी विचारलं, आजोबा, ‘नाही’ कशाला दाबलंत? ते म्हणाले, “मग काय ‘हो’ दाबू? हो म्हणजे लगीन ठरलं. त्यापेक्षा नाही बरं. नाही म्हणून कुणाचं वाईट झालंय?”

हा हिशेब फक्त आजोबांचा नव्हता. आमच्याकडे हो म्हणायला चार माणसं गोळा करावी लागतात, नाही म्हणायला काहीच लागत नाही. प्रत्येकानं तेच केलं, आणि प्रत्येक ‘नाही’बरोबर समोरच्या घरी साइटनं आपोआप मेसेज धाडला: आपल्या स्थळास नकार आलेला आहे. मजकूर मावशींचा होता. त्यांना गोलगोल बोललेलं चालत नसे.

मी मावशींना फोन लावणार, तेवढ्यात त्यांचाच आला.

“सन्मती, हे काय चाललंय ते नंतर सांग. आधी हे ऐक. तुमच्याकडनं निपाणीला नकार गेलाय.”

घरी पोचलो तेव्हा अण्णा जेवायला बसले होते. अंधार पडायच्या आत ते जेवायचे. त्यांना बातमी आधीच कळली होती. खोतांच्या थोरल्या भावानं फोन करून विचारलं होतं, “आमच्यात काय कमी दिसलं ते तरी सांगा.”

“मी काय सांगणार?” अण्णा म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता. “मला तर पेढे न्यायचे होते.”

मी म्हटलं, “अण्णा, घाबरायचं काही नाही. साइटमध्ये चूक आहे. सगळ्यांचंच झालंय.” आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना निम्मं कळलं असेल, पण चूक यंत्राची आहे एवढं कळताच त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

अक्का तेव्हाच लॅबमधून आली. पिशवी खुंटीला लावत होती.

“अक्का, मेळाव्याची माहिती टाकलीय, तू साइटवर गेली होतीस का?” मी विचारलं.

“गेले होते की.”

“बघा,” मी अण्णांना म्हटलं.

“कार्यालय गेल्या वर्षीचंच आहे,” अक्का म्हणाली. “जेवण पाचला.” आणि हात धुवायला आत गेली.

“पोरीला काय माहीत,” अण्णा म्हणाले, आणि भाकरी मोडून जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या खोलीत पुन्हा लॅपटॉप मांडला. या वेळी मी मोठ्या उत्साहात होतो, कारण बरोबर निघाल्याचा आनंद काही औरच असतो. मेळाव्याच्या पानावर, माहितीच्या पानावर, स्थळाच्या पानावर, जिथं जिथं माणूस अडकू शकत होता तिथं तिथं मी डाव्या कोपऱ्यात ‘मागे’ टाकत गेलो. मावशी शेजारी बसून बघत होत्या.

“सगळीकडं एकाच जाग्यावर का टाकालायस?”

“हात तिथं आपसूक जायला पाहिजे, मावशी. शोधायला लागू नये.”

“आणि मागं गेला तर ते स्थळ?”

“थांबलेलंच राहणार. परत आत आला की तेच दिसणार. दुसरं मिळणार नाही.”

“म्हणजे पाकीट टेबलावर ठेवून माणूस चूळ भरून आला.”

“अगदी तसंच.”

त्यांनी मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

“आणि झालेल्या नकारांचं काय?” मी विचारलं. “सगळे एकदम उलटे फिरवता येतील. मेळाव्याच्या घोषणेनंतर गेलेली सगळी ‘नाही’ पुसून टाकतो. पुन्हा सगळ्यांना स्थळं दिसायला लागतील.”

“हात लावायचा नाही.”

“मावशी, चुकून झालंय सगळ्यांचं.”

“असेल. पण ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. ज्याच्या फोनवरनं गेलंय त्याला मी विचारणार. एकेकाला. चुकून म्हणाला तर मी समोरच्या घरी सांगणार, मग तू पुसायचं.” त्यांनी फोन जवळ ओढला. “केंद्रातनं नाही गेलं की नाही असतंय. आजवर मी कुणाच्या ‘नाही’ला हात लावला नाही.”

“आमचं तरी पुसतो. घरचंच आहे.”

“तू दाबलंस?”

“मी नाही, पण...”

“मग तुझ्या पोटात का दुखालंय? पद्माला मी येऊन विचारीन. रविवारी.”

त्या दिवसभर त्या फोनवर होत्या. मी काम करता करता ऐकत होतो. “चुकून ना? बरं. पुन्हा दाबायच्या आधी चष्मा लावा.” “चुकून? बरं.” “चुकून.” “चुकून.” संध्याकाळपर्यंत आमचं सोडून सगळी घरं पुन्हा जोडली गेली. एकही नकार खरा निघाला नाही. मावशींना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं. लोक एवढे सहज बटणं दाबतात हे त्यांना रुचलं नव्हतं.

रविवारपर्यंत थांबण्याइतका धीर अण्णांना नव्हता. शनिवारी ते आणि मी निपाणीला गेलो. बसमध्ये अण्णा पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसले होते. “माफी मागायला जाताना पेढे नेत नाहीत,” मी म्हटलं. “परत येताना जड नकोत म्हणून नेतोय,” ते म्हणाले. याचा अर्थ मी विचारला नाही. त्यांना आनंद झाला की ते असं काहीतरी बोलायचे.

जिनदत्त खोतांनी आम्हाला दारातच “जय जिनेंद्र” घातला आणि आत नेऊन बसवलं. थोरले भाऊ जरा फुगलेले होते. मी फोन काढला आणि त्यांना सगळं दाखवलं. हे स्थळाचं पान. आधी इथून बाहेर पडायला हे दोनच रस्ते होते. आता हा बघा, कोपऱ्यात, ‘मागे’. दाबून बघा. थोरल्यांनी दाबलं. पहिलं पान आलं. पुन्हा आत गेले, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर त्यांचा राग गेला.

जिनदत्त हसत होते. “मी वर्गात पोरांना नकाशा वाचायला शिकवतो,” ते म्हणाले. “जायचा रस्ता सगळ्यांना सापडतो हो. यायचा सापडत नाही. ताईंना म्हणावं, मनात काही आणू नका.”

निघताना त्यांनी आम्हाला स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत एकदाच, जरा चाचरत, मला विचारलं, “ताईंना खरंच चालणार आहे ना?”

“अहो, घरात दुसरा विषय नाही,” मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं. घरात दुसरा विषय नव्हताच. अण्णांचा हा, माझा हा. एवढा चांगला माणूस हातचा जात होता आणि मी तो परत आणला, या विचारानं मी परतीच्या बसमध्ये चांगलाच खुशीत होतो. पुडा रिकामा झाला होता. अण्णा डुलक्या घेत होते.

रविवारी मावशी आल्या. नेहमीप्रमाणे छत्री घेऊन, ऊन असो वा नसो. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः कॉटवर बसले. मी लॅपटॉप उघडून ठेवला होता. मावशींनी मान डोलावली की निपाणीचा नकार पुसायचा, एवढंच काम उरलं होतं.

“चहा नंतर,” मावशी म्हणाल्या. “पद्मा, बस इथं.”

अक्का वेताच्या मोड्यावर बसली.

“निपाणीला तुझ्या फोनवरनं नकार गेला. सगळ्यांना विचारलं तसं तुला विचारते. चुकून गेला?”

“मावशी, आम्ही कालच सांगून आलो त्यांना,” अण्णा म्हणाले. “तिला काय विचारायचं आता?”

“अण्णा, तुम्ही थांबा.”

अक्कानं एकदा अण्णांकडे बघितलं, मग मावशींकडे.

“चुकून नाही गेला, मावशी,” ती म्हणाली. “मी मेळाव्याची माहिती आदल्या दिवशीच शेजारच्या सुनंदाच्या फोनवर बघितली होती, तिच्यापुढं स्थळ थांबलेलं नव्हतं. परत बघायला काही नव्हतं. मी साइट उघडली ती उत्तर द्यायलाच.”

अण्णांचा हात गुडघ्यावर होता, तो त्यांनी उचलून पुन्हा तिथंच ठेवला.

“का गं?” शेवटी अण्णा म्हणाले. “इतका चांगला माणूस.”

“चांगलाच आहे. मला नको होता.”

“काय खोट दिसली?”

“खोट नाही दिसली. मी त्यांच्याशी बोलत बसले तेव्हा मला आतनं वाटलं, हे लवकर संपावं. एवढंच. याहून मोठं कारण लागतं का?”

“मग तोंडानं सांगायचंस की! बटण कशाला दाबायचं?”

“तोंडानं सांगितलेलं मावशींपर्यंत पोचतंय कुठं, अण्णा?” तिचा आवाज चढला नव्हता. रिपोर्ट सांगावा तसाच होता. “इचलकरंजीचं स्थळ मला नको होतं. मी तुम्हाला चुलीपाशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, होतं असं सुरुवातीला, आणि हो सांगून आलात. त्यांनी मोडलं म्हणून वाचले. तेरदाळच्या वेळीपण तेच.”

अण्णांना आठवत होतं की नाही, मला कळलं नाही. मला आठवत होतं. मी त्या वेळी आतल्या खोलीत अभ्यास करत होतो.

मावशींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “इचलकरंजीच्या वेळी अण्णांनी मला सांगितलं, पोरगीला पसंत आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मी लोकांच्या ‘नाही’ला हात लावत नाही म्हणून मिरवते. आणि ‘हो’ कुणाचं आहे ते कधी विचारलं नाही.”

“तुमचं काय चुकलं, मावशी?” अक्का म्हणाली.

“बास. आता तू माझी समजूत घालू नको.”

त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि तिथंच बसून निपाणीला लावला. “खोत सर, मी मगदूम. तुम्हाला काल जे सांगितलं ते मुलीला न विचारता सांगितलेलं. मुलीचा नकार खरा आहे. हो. नाही, तुमच्यात काही कमी नाही. तिला नको आहे. बरं. मेळाव्याला या.” त्यांनी फोन पिशवीत टाकला. “भला माणूस आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणाला, बरं झालं लग्नाआधी कळलं.”

जिनदत्त सरांचं त्याच मेळाव्यात हुपरीच्या एका मुलीशी जमलं. अजूनही रस्त्यात भेटले की गाडी थांबवून अक्काची चौकशी करतात. मावशींनी त्या रविवारनंतर केंद्रात नवा नियम केला, की फोन नंबर मुलीचा स्वतःचा पाहिजे आणि उत्तर तिनंच द्यायचं. काही बापांनी पाकिटं काढून नेली. मावशींनी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

पण त्या दिवशी मावशी गेल्यावर अण्णा उठून मंदिरात गेले. चपला घालताना ते दाराशी थांबले आणि अक्काकडे न बघता म्हणाले, “मी लवकर येतो. जेवायला थांब.” इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं कधी सांगितलं नव्हतं. तिनं बरं म्हटलं.

मी लॅपटॉप मिटला. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मी निपाणीपर्यंत जाऊन आलो होतो. थोरल्यांना तीन-तीनदा बटण दाबायला लावून आलो होतो.

“मला तरी सांगायचंस,” मी म्हटलं. “मी घरी आलो तेव्हा तुला विचारलं होतं.”

“तू विचारलंस, साइटवर गेली होतीस का. मी गेले होते.”

“पुढचं सांगता आलं नसतं?”

“सांगणार होते. पण तू लगेच अण्णांना ‘बघा’ म्हणालास. अण्णा परत जेवायला लागले.” ती मोड्यावरून उठली आणि चहाचे न वापरलेले कप फळीवर ठेवायला लागली. “म्हटलं, मावशी रविवारी येते म्हणाल्यात. त्या विचारतील.”

“आणि विचारलं नसतं तर?”

“तर त्यांच्याकडं जाऊन सांगितलं असतं. भ्यायले होते, पण गेले असते.”

कप ठेवून तिनं आपला फोन आणला, साइट उघडली आणि माझ्या शेजारी कॉटवर बसली. पुढचं स्थळ समोर आलं होतं, आणि त्या पानावर डाव्या कोपऱ्यात माझी लिंक होती. तिनं ती दाबून बघितली. पहिलं पान आलं. पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली, अगदी खोतांच्या थोरल्यांसारखी.

“चांगलं केलंयस,” ती म्हणाली. “लोकांना लागतंय हे.”

“आधीच टाकायला पाहिजे होतं.”

“टाकायला पाहिजे होतं.” तिनं अंगठा खाली, त्या दोन बटणांपाशी नेला आणि न दाबता तिथं धरला. “पण सन्मती, आजवर मला कुणी एवढं सरळ विचारलं नव्हतं. दोन बटणं, आणि घरात कुणी नव्हतं. मी बराच वेळ बघत बसले होते.”

“‘मागे’ असतं तर परत गेली असतीस?”

“नाही रे,” अक्का म्हणाली. “मी तेच दाबलं असतं.”

आणि फोन माझ्या हातात देऊन ती अण्णांची भाकरी टाकायला उठली. दिवस मावळायला अजून वेळ होता.